चौथे वर्ष आणि आपली मुले

यंदा भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत ती आपल्याच वसतिगृहात होती. आता जिल्ह्याबाहेरील एका स्वायत्त महाविद्यालयात इतिहास हा मुख्य विषय घेऊन तिसऱ्या वर्षाला शिकत आहे. सोबत वडील होते. सेंट्रिंगचे काम करणारा हा माणूस मुलीच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणतो आणि त्या माझ्या हाती देताना नकळत उभा राहतो. पाचही सत्रांत गुण ८० टक्क्यांच्या पुढे. त्यांचा प्रश्न सरळ होता. "सर, तीन वर्षांत डिग्री मिळतीय. मग हे चौथं वर्ष कशाला? त्या ऑनर्सचा पोरीला उपयोग काय?"

मी नियम सांगितले. ते पुढे लिहितोच. पण त्याआधी मी मुलीला विचारले, "तीन वर्षांत वर्गाबाहेर काय काय केलंस?" तिने एकदा वडिलांकडे पाहिले आणि म्हणाली, "काही नाही सर. मी कशातच भाग घेत नाही. नुसता अभ्यास करते." हे ती अभिमानाने सांगत होती. वडिलांनीही समाधानाने मान हलवली. जणू तिने चांगल्या वर्तणुकीचा दाखलाच माझ्यापुढे ठेवला होता. मला मात्र तिच्या जागी तीस वर्षांपूर्वीचा मी दिसलो, आणि हा लेख लिहिण्याचे ठरवले.

प्रथम नियम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आपल्या राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाला. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्यास 'ऑनर्स' पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' हा मार्ग निवडता येतो आणि त्यात एका संशोधन प्रकल्पाला विद्यापीठ अनुदान आयोगाने १२ श्रेयांक ठेवले आहेत. चार वर्षांची पदवी घेतलेल्यास एम.ए. एका वर्षात करता येते. इतकेच नव्हे, तर ७५ टक्के गुण असल्यास एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरता येते; अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. सेंट्रिंग कामगाराच्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नाही. या धोरणाविषयी माझे आक्षेप पुष्कळ आहेत, आणि 'पाहिजे तेव्हा बाहेर पडा' ही सोय गरिबाच्या मुलांसाठीच अधिक वापरली जाईल, ही भीती मी अनेक सभांत बोलून दाखवली आहे. परंतु दार उघडे असताना आपली मुले उंबऱ्यावरून परत फिरणार असतील, तर त्याचा दोष केवळ धोरणावर ढकलता येणार नाही.

या नव्या रचनेत एक गोष्ट आपल्या पालकांपर्यंत पोहोचलेलीच नाही. वर्गाबाहेरच्या कामालाही आता श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा, कला. त्याखेरीज क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण. पूर्वी ज्याला आपण 'उनाडक्या' म्हणत होतो त्याची आता गुणपत्रिकेत नोंद होते. माझ्या विद्यार्थिनीनेही हे श्रेयांक मिळवले होते. कसे मिळवले, ते तिने प्रामाणिकपणे सांगितले: महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, वरचे नाव बदलायचे. मी रागावलो नाही. तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते की प्रकल्प ही करण्याची गोष्ट असते.

इथे आपल्या समाजाच्या एका सवयीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचे एकच चित्र आपण मुलांपुढे ठेवले आहे: दिव्याखाली अठरा तास वाचणारा एकटा विद्यार्थी. जयंतीनिमित्त गावोगावी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. आपल्या शाळेतही होतात आणि त्यांचे संयोजन मी स्वतः अनेक वर्षे केले आहे. तो उपक्रम बंद व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. पण ते चित्र अर्धेच आहे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेला बावीस वर्षांचा तरुण कोलंबिया विद्यापीठात केवळ अर्थशास्त्र घोकत बसला नाही. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्याने घेतलेच. पण त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच आणि मानववंशशास्त्राचे चार घेतले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्याने भारतातील जातींविषयी निबंध वाचला. आज जगभर अभ्यासला जाणारा तो निबंध म्हणजे एका विद्यार्थ्याने चर्चासत्रात उभे राहून केलेले वाचन होते, हे आपण विसरतो. तेथील वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकली, आणि पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करायला निघताना याच मित्राने कर्जाऊ पैसे दिले. ग्रंथालय, चर्चासत्र, वसतिगृहातला मित्र: विद्यापीठाने बाबासाहेबांना या तीन गोष्टी दिल्या. आपण पहिली घेतली आणि उरलेल्या दोन सोडून दिल्या.

बाबासाहेबांनी स्वतः महाविद्यालये काढली तेव्हा त्यांनी या दोन गोष्टींना विसर पडू दिला नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते नोकरी करणाऱ्या मुलांना सकाळी शिकता यावे म्हणून. तरीही त्या धावपळीत तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि बाबासाहेबांनी तिच्यापुढे भाषण केले आहे. सकाळचे तास आटोपून कचेरी गाठणाऱ्या मुलांनाही संसदेची गरज आहे, असे तिथे मानले जात होते. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव देण्यात आले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. महाविद्यालयाचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन! वादसंवाद हाच ज्या परिसराचा पाया, तेथील विद्यार्थ्यांनी प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक रंगमंचावर आणावे आणि त्याच भूमीतून पुढे लेखकांची एक पिढी उभी राहावी, यात नवल ते काय? त्या वेळी कोणी पालक "अभ्यास सोडून नाटकं करतोस काय?" असे म्हणाले असतील. मुलांनी ऐकले नाही, हे आपले भाग्य.

आता माझ्याविषयी. एम.ए.ला मी विद्यापीठाच्या वसतिगृहात दोन वर्षे होतो. इतिहास विभागात दर शनिवारी विद्यार्थी निबंध वाचत. दोन वर्षांत मी एकही वाचला नाही. शेवटच्या बाकावर बसून वही भरून टिपणे घेतली. एका शनिवारी महार वतनावर निबंध झाला. वाचणाऱ्याने दोन ढोबळ चुका केल्या. त्या चुका आहेत हे त्या खोलीत बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होते, कारण वतनाच्या कामाच्या हकिकती मी आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या. मी हात वर केला नाही. उच्चार चुकेल, भाषा गावंढळ वाटेल, आणि मुख्य म्हणजे 'तुला हे कसं माहीत?' असे कोणी विचारील, या भीतीने मी गप्प राहिलो. मला प्रथम वर्ग मिळाला. पण मार्गदर्शक म्हणून कोणाचे दार ठोठवावे एवढी ओळख एकाही प्राध्यापकाशी झाली नव्हती, आणि पीएच.डी. राहून गेली ती गेलीच. शिक्षकाच्या व्यवसायात मी समाधानी आहे. तो शनिवार मात्र अजून आठवतो.

पालकांची भीती मला समजते. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातून रोहित वेमुलाची बातमी आली, मे २०१९ मध्ये मुंबईहून डॉ. पायल तडवीची. त्यानंतर आपल्या घरांतून मुलांना निरोप देताना एक वाक्य ठरून गेले आहे: "कुणाच्या अध्यात ना मध्यात. खाली मान घालून शिक आणि परत ये." सेंट्रिंगवाले बाबाही तेच म्हणाले. मुलगी पुढे आली की आडनाव विचारले जाते, आडनाव कळले की नजर बदलते, हे त्यांनी स्वतःच्या कामावर अनुभवलेले आहे. त्यांना खोटा धीर मी दिला नाही. मात्र माझे मत त्यांच्या उलट आहे. खाली मान घालून बसलेला विद्यार्थी सुरक्षित नसतो, तो फक्त एकटा असतो. आणि अन्याय झाला तर त्याच्या बाजूने उभे राहायला विभागात, वसतिगृहात, मित्रमंडळात कोणीच नसते. अभ्यासमंडळात, सेवा योजनेच्या शिबिरात, वादस्पर्धेच्या संघात ज्याला वीस जण नावाने ओळखतात, त्याच्या अनुपस्थितीची दुसऱ्याच दिवशी दखल घेतली जाते. कायद्याचे संरक्षण हवेच आणि त्यासाठी लढलेच पाहिजे. पण रात्री अकरा वाजता खोलीचे दार वाजवणारा मित्र कायदा देत नाही.

भीतीइतकाच मोठा अडसर पैशाचा. शिष्यवृत्तीतून शुल्क भागते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, जरी तिचे हप्ते वेळेवर येतातच असे नाही. अनेक विद्यापीठांत कमवा व शिका योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेल्या त्या कल्पनेने किती घरांत पहिला पदवीधर दिला, हे आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. परंतु यांतल्या कोणत्याही योजनेत परिषदेच्या नोंदणीचे पाचशे रुपये नसतात. दुसऱ्या शहरातल्या दप्तरखान्यात दोन दिवस जाऊन येण्याचे एस.टी.चे भाडे नसते, भित्तिपत्रक छापण्याचा खर्च नसतो. राज्यातील विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा घ्या. तिच्या सहा विभागांत मानव्यविद्या, भाषा व ललित कलांचा एक स्वतंत्र विभाग असून पदवीच्या विद्यार्थ्यांना वेगळा स्तर आहे. आपल्या मुलीने तिथे इतिहासाचे भित्तिपत्रक घेऊन उभे राहावे, यात अशक्य असे काहीच नाही. ती अडते पाचशे-हजार रुपयांवर, आणि ते मागायला कोणाकडे जावे हे तिला कळत नाही.

म्हणून माजी विद्यार्थी संघापुढे माझे म्हणणे असे. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. शाल, स्मृतिचिन्ह, छायाचित्र. हा खर्च मी मोजलेला नाही, पण मंडपाचे बिल मला दिसते. त्यातला काही भाग अशा किरकोळ खर्चासाठी राखून ठेवावा. अर्ज एका पानाचा असावा आणि पैसे आठ दिवसांत मिळावेत. दुसरे असे की, ज्या शहरांत विद्यापीठे आहेत तिथे आपले माजी विद्यार्थी बँकेत, न्यायालयात, महाविद्यालयांत नोकरीला आहेत. त्यांनी आपल्या शाळेतून आलेल्या एका मुलाला महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलवावे. उपदेश करू नये. या महिन्यात कोणत्या कार्यक्रमाला गेलास, एवढेच विचारावे.

आणि शाळेचे काय? आपल्या वसतिगृहात पहाटेची वंदना, मैदान आणि अभ्यासिका यांची शिस्त उत्तम आहे. बाहेरचे लोक तिचे कौतुक करतात. पण शनिवारच्या सभेत बोलणारी मुले वर्षानुवर्षे तीच चार असतात, आणि निवड आम्ही शिक्षकच करतो, कारण पाहुण्यांसमोर फजिती नको असते. दोषी मीही आहे. यंदापासून आठवीच्या वर्गात मी एक नियम केला आहे: प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा तरी उभे राहून प्रश्न विचारायचा, उत्तर द्यायचे नाही. पहिल्या महिन्यात बहुतेकांनी "सर, पाणी पिऊन येऊ का?" हाच प्रश्न विचारला. आता सुधारणा आहे.

ती विद्यार्थिनी चौथ्या वर्षाला बसणार आहे. वडिलांनी होकार दिला, तो माझ्या युक्तिवादामुळे नव्हे, एम.ए.चे एक वर्ष वाचते हा हिशोब त्यांना पटला. संशोधन प्रकल्पासाठी तिने विषय घेतला आहे तो आपल्याच शाळेचा: वसतिगृहाच्या प्रारंभीच्या वर्षांत मुले कोणकोणत्या गावांतून आली, त्यांच्या घरी कोणती कामे चालत आणि त्यांना इथे कोणी आणून सोडले. प्रवेशाच्या जुन्या नोंदवह्या कार्यालयात आहेत. काहींच्या कडा वाळवीने खाल्ल्या असल्या तरी नावे वाचता येतात. नोंदवहीत जे नाही ते तिला माणसांकडूनच मिळेल. पहिल्या काही तुकड्यांतील जे बंधू-भगिनी ही स्मरणिका वाचत असतील, त्यांनी आपल्याजवळची जुनी छायाचित्रे, घरी पाठवलेली पत्रे, शिधापत्रिकेसारखे कागद जपून ठेवावेत आणि शाळेच्या कार्यालयात निरोप द्यावा. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन तुमच्याकडे येईल. सुरुवातीला ती फारसे बोलणार नाही. तिला दोन प्रश्न विचारू द्या.