शिमगा कोणाचा?

माघातील महाशिवरात्रीस चंद्रेश्वराची गर्दी ओसरते न ओसरते तोच चांदवडास शिमग्याची चाहूल लागते. होळी, धूळवड, रंगपंचमी, पाडवा आणि चैत्रात रेणुकामातेचे दर्शन, अशी सणांची रांगच लागते. उन्हाळी कांदा काढणीस येतो, बाजारपेठेत पैसा खेळू लागतो, आणि वर्षभर राबलेल्या माणसास चार घटका मोकळेपणाने हसावेसे वाटते. हे सर्व योग्यच आहे. सुधारणा म्हणजे सुतकी चेहरा, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

परंतु आमचा प्रश्न साधा आहे. हा उत्सव गावाचा की अर्ध्या गावाचा? रंगाच्या दिवशी भररस्त्यात जो समुदाय दिसतो त्यात स्त्रिया किती असतात, हे प्रत्येक वाचकाने आपल्याशीच मोजून पाहावे. दारूच्या अमलाखाली चाललेला धिंगाणा, अचकट विचकट शब्द आणि कानठळ्या बसविणारे कर्णे यांच्या भयाने घरोघरची दारे लागतात. ‘त्यांना आवडच नाही’ असे उत्तर कोणी देईल. तर मग रेणुकामातेच्या दर्शनास ह्याच स्त्रिया एवढ्या उत्साहाने कशा जातात? उणीव हौसेची नाही, निर्भयतेची आहे.

आणि हे कोणत्या गावी घडावे? ज्या अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांचे राज्य सांभाळले, त्यांची आठवण रंगमहालाच्या रूपाने जे गाव अभिमानाने मिरविते, त्या गावी! नोव्हेंबर १९८६ मध्ये ह्याच चांदवडास शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. खेड्यापाड्यांतून हजारो बाया येथे आल्या, आणि आम्हांसही माणूस म्हणून जगावयाचे आहे, असे त्यांनी महाराष्ट्रास ऐकविले. ज्या गावाने त्यांस बोलावयास जागा दिली, त्याने आपल्याच लेकीसुनांस रंग खेळावयास जागा देऊ नये काय?

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही; वर्षातील मोजक्या दिवशी सरकारने सवलत दिली तरी ती मध्यरात्रीपर्यंतच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७४ व्या कलमाप्रमाणे स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने तिच्यावर बळ वापरणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. त्यात ‘सणाचा दिवस सोडून’ असा अपवाद कोठेही नाही. तथापि सण पोलिसांच्या काठीने सुधारत नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या समाजसेवकांनी होलिकासंमेलने भरविली, ती होळी विझविण्यासाठी नव्हे. शिव्या व दारू यांच्या जागी खेळ व करमणूक देऊन त्यांनी लोकांस अधिक चांगला शिमगा दाखविला. वाईट करमणूक हटवावयाची तर चांगली करमणूक पुढे मांडावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून आमची सूचना व्यापारी बंधूंस आहे. उत्सवाची वर्गणी बव्हंशी आपल्या गल्ल्यातून जाते. ज्याच्या हाती वर्गणी, त्याच्या हाती सुधारणा! पावती फाडण्यापूर्वी आपण तीन अटी घालाव्या. पहिली, रंगपंचमीस एक मैदान व काही तास केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी राखावे आणि त्याची व्यवस्था स्त्रियांच्याच समितीकडे द्यावी. दुसरी, रात्री १० वाजता कर्णा बंद. शालान्त परीक्षा ह्याच दिवसांत असतात, हे बापांस सांगावयास नको. तिसरी, जमलेल्या पैशाचा काही भाग वसंतातील व्याख्याने, कीर्तन व शाहिरी यांवर खर्चावा. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. नाशिकास गोदाकाठी मे महिन्यात लोक व्याख्याने ऐकावयास बसतात. चांदवडच्या श्रोत्यांस कान नाहीत असे थोडेच आहे?

यांत खर्च वाढत नाही, धर्मास धक्का लागत नाही, आणि कोणाचा आनंद हिरावला जात नाही. उलट तो दुप्पट होतो. ज्या दिवशी चांदवडची सून दार लावून न घेता हाती रंग घेऊन रस्त्यावर येईल, त्या दिवशी हा शिमगा साऱ्या गावाचा झाला, असे आम्ही म्हणू.