अमेरिकेतले उजवे आणि आपला कापूस



अमेरिकेत कोण निवडून आले आणि कोण पडले याच्याशी आपल्याला काय देणेघेणे, असा प्रश्न जिल्ह्याच्या बैठकांत हमखास विचारला जातो. पुणे शहरात तो कोणी विचारत नाही. कोथरूड-बाणेरच्या ज्या इमारतीत जावे तिथे कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी सून तिकडे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले तेव्हा शहरात दुसरा विषय नव्हता.

त्याच्या आधीच्याच महिन्यात जे घडले त्यावर मात्र कोणी बोलले नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचे आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापड गिरण्या आणि तयार कपड्यांचे कारखानदार हवालदिल झाले. त्यांना दिलासा म्हणून दिल्लीने १९ ऑगस्टलाच कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ करून ठेवले होते. ती मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या हंगामाएवढी. तडाखा वॉशिंग्टनने दिला, लागला गिरणीला आणि मलमपट्टीचा खर्च टाकला यवतमाळच्या कापूसवाल्यावर. इंडियाला व्हिसा दिसला, भारताला भाव दिसला. म्हणून अमेरिकेतले राजकारण आपण समजून घेतले पाहिजे.

बोलणे आपल्यासारखे

तिकडच्या उजव्या मंडळींची मांडणी ऐकायला गोड आहे. सरकार लहान असावे. कर कमी असावेत. माणसाने आपल्या कष्टावर उभे राहावे, फुकटचे खाऊन तो पांगळा होतो. घराने आणि गावाने सांभाळायचे ते सरकारने सांभाळू नये. यातले निम्मे तरी आपण चाकणच्या कांदा आंदोलनापासून बोलत आलो. 'भीक नको, हवे घामाचे दाम' याचा अर्थ दुसरा काय? राजाजी, रंगा आणि मसानी यांनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला तो याच विचाराने, आणि १९९४ मध्ये शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तोही याच वाटेने. तेव्हा 'उजवे' म्हटले की कान झाकून घेण्याचे आपल्याला कारण नाही. पण माणूस बोलतो काय यापेक्षा त्याची वही काय सांगते हे पाहण्याची शेतकऱ्याची सवय आहे. ती वही उघडू.

वही काय सांगते

चांगले पान आधी. १९८० साली कार्टर यांनी रशियाला धान्य विकण्यावर बंदी घातली. रेगन यांनी एप्रिल १९८१ मध्ये ती उठवली. परराष्ट्र धोरणाची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी, हा त्यामागचा विचार आपल्या कांदा उत्पादकाला सांगावा लागणार नाही.

१९९६ साली रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने नवा शेती कायदा केला आणि क्लिंटन यांनी त्यावर सही केली. पेरा किती करायचा याची बंधने गेली. भावाशी जोडलेले अनुदान गेले. सात वर्षे कमी कमी होत जाणारी ठरावीक रक्कम द्यायची, मग शेतकरी आणि बाजार, असा बेत होता. १९९८ पासून भाव कोसळले आणि त्याच काँग्रेसने दरवर्षी तातडीची मदत वाटली. २००२ मध्ये बुश यांनी भावाशी जोडलेली मदत कायद्याने परत आणली. त्याच वर्षी ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. अमेरिका हरली, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तिने प्रकरण मिटवले. सबसिडी घेणारा टेक्सासचा कापूस जगाचा भाव पाडत होता तेव्हा वर्ध्याचा शेतकरी एकाधिकार खरेदीच्या रांगेत उभा होता.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत चीनशी शुल्कयुद्ध झाले, सोयाबीनचे गिऱ्हाईक गेले, आणि २०१८-१९ मध्ये शेतकऱ्यांना सुमारे २,३०० कोटी डॉलर वाटण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये आणखी १,२०० कोटींची घोषणा झाली. बाजार आधी सरकारने मोडायचा, मग भरपाईही सरकारनेच द्यायची. याला लहान सरकार म्हणत नाहीत.

एकाच कायद्याची दोन पाने

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेला मोठा कायदा मुळातून पाहण्यासारखा आहे. एका पानावर गरिबांच्या अन्नमदतीची अट कडक केली. धडधाकट माणसाने महिन्याला ८० तास काम दाखवावे ही अट पूर्वी ५४ वर्षांपर्यंत होती, ती ६४ पर्यंत नेली. दुसऱ्या पानावर पिकांचे आधारभूत भाव वाढवले. सरकीसह कापसाचा भाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केला, म्हणजे क्विंटलला सुमारे ९२ डॉलर. गरिबाला सांगायचे की फुकट खाल्ल्याने माणूस बिघडतो, आणि शेकडो एकरांच्या मालकाला सांगायचे की तुझे वेगळे आहे.

कामाच्या अटीबद्दल आम्हाला तत्त्वतः तक्रार नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला ती नवीनही नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आपली रोजगार हमी कामाशिवाय दाम देत नव्हती. पण तिच्यात आधी काम देण्याची हमी सरकारची होती, मग घाम गाळण्याची जबाबदारी मजुराची. त्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. अमेरिकेच्या कायद्यात अट आहे, हमी नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला हा फरक कोणी समजावून सांगायला नको.

मग आपणही मागावी का सबसिडी?

आपल्यातले काही जण म्हणतात, अमेरिकेचे उजवे सरकार इतके देते, तर आपणही तेवढे मागू. हिशेब करा. तिथे शेतकरी लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून कमी. अठ्ठ्याण्णवांनी दोघांना पोसणे जमते. आपल्याकडे काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे शेतीवर आहेत. त्यांना पोसणार कोण? उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात टाकतील आणि मधल्यामध्ये नोकरशाही दलाली खाईल.

शिवाय आपले दुखणे मदत कमी असल्याचे नाहीच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओईसीडी आणि इक्रियर यांच्या अभ्यासाने दाखवले की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतीला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के होता. खत-वीज-पाणी सगळे धरून उणे. डंकेलच्या वादात 'उणे सबसिडी' म्हटले की पुण्यातले अर्थपंडित हसत. मार्च २०१२ ची कापूस निर्यातबंदी आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले, डिसेंबरमध्ये बंदी आली, आणि शुल्क पुरते उठायला १ एप्रिल २०२५ उजाडला. भाव चढला की बाहेरचे दार बंद, पडला की आतले दार उघडे.

परदेशी कापसाला आमचा विरोध नाही. दार दोन्ही बाजूंनी उघडे ठेवा, एवढेच मागणे आहे.

म्हणून जिल्हा बैठकांनी तीन ठराव करावेत. एक, पेरणी सुरू झाल्यापासून हंगाम संपेपर्यंत आयात-निर्यातीच्या शुल्काला आणि बंदीला सरकारने हात लावू नये. दोन, अमेरिकेशी कोणताही करार होवो, तिकडच्या अनुदानित मालाशी स्पर्धा करायची तर तिकडचे बियाणेही आपल्या शेतकऱ्याला खुले हवे. तीन, लहान सरकारच्या गप्पा मारणारा पुढारी, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, गावात आला की त्याला एकच विचारावे: आमचा माल विकताना तुमचे सरकार लहान होते की मोठे?

उत्तर लिहून घ्यावे. पुढच्या हंगामात ताडून पाहता येईल.