शेवटच्या सकाळी उतरताना



डिसेंबर जवळ आला की आपल्या घराघरांत दादरला जाण्याची तयारी सुरू होते. कोण कोण येणार, भाकरी किती बांधायच्या, म्हातारीला न्यायचे की नाही, पोरांची शाळा किती दिवस बुडणार, यावर विहाराच्या ओट्यावर चार-चार रात्री बैठका बसतात. जाण्याची तयारी आपण सगळेच करतो. परतण्याची तयारी मात्र कोणी करत नाही. आम्हीही करत नव्हतो. एका पहाटेने आम्हाला शहाणे केले. ती पहाट आज सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्यभूमीला अभिवादन करून वस्तीतले आम्ही सतरा जण परत येत होतो. तीन दिवसांचे जागरण अंगात होते. गाडी चंद्रपूरला पहाटे पोचणार होती, म्हणून सगळे बिनघोर झोपले. अंधारात कोणीतरी ओरडले, ‘चांदा आला, चांदा आला!’ मग जी धांदल उडाली ती विचारू नका. कोणाची चप्पल सापडेना, कोणाचे पोर उठेना, बाकाखालचे पोते अडकून बसले. दारात चढणाऱ्यांची गर्दी. आम्ही तरुण मंडळींनी कंबर कसली आणि एकामागून एक नऊ गाठोडी फलाटावर उतरवली. एकही राहिले नाही म्हणून आम्हालाच आमचे कौतुक वाटले. तेवढ्यात गाडी हलली.

‘आजी कुठं हाय?’ कोणीतरी विचारले.

आजी दारात उभी होती. एक पाय पायरीवर, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पिशवी. तिचा नातू ओरडत होता, ‘उतर ना आजी, लवकर उतर!’ आम्ही ओरडत होतो, ‘उतरू नका, आत व्हा!’ एका म्हातारीने कोणाचे ऐकावे? डब्यातल्या एका अनोळखी बाईने तिचा दंड धरून तिला आत ओढले, म्हणून ती आजी वाचली. गाडी तिला घेऊन बल्लारशाला गेली. नातू मिळेल त्या वाहनाने मागोमाग गेला. आजी फलाटावरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. नातवाला पाहून ती एवढेच म्हणाली, ‘पोते उतरवले रे बापू, अन् मले इसरले.’

ते शब्द आम्ही आजवर विसरलो नाही. सामान उतरवायला चार हात होते आणि माणूस उतरवायला एकही नव्हता. तेव्हापासून आमच्या वस्तीत एक नियम झाला आहे. आधी माणूस, मग सामान. आणि हे सगळे आदल्या रात्री ठरवायचे.

आदल्या रात्री ठरवण्याची ही अक्कल काही नवी नाही. समुद्रावर सहलीच्या मोठमोठ्या बोटी चालतात. एकेका बोटीवर दोन-तीन हजार प्रवासी असतात आणि शेवटच्या सकाळी त्या सगळ्यांना उतरायचे असते. तिथे आदल्या रात्रीच प्रत्येक कुटुंबाला रंगाची किंवा आकड्याची चिठ्ठी देतात. ती मोठ्या बॅगांना बांधून बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या. रात्रीतून बोटीचे कामगार त्या गोळा करतात आणि सकाळी धक्क्यावर त्या आपापल्या रंगाखाली मांडलेल्या मिळतात. माणसांनाही रंगाप्रमाणे, पाळीपाळीने बोलावतात. जवळ ठेवायची ती एकच लहान पिशवी. तीत कागदपत्रे, औषधे आणि सकाळी अंगावर घालायचे कपडे. हे शेवटचे विसरून सगळेच कपडे मोठ्या बॅगेत भरणारे महाभाग तिथेही निघतात आणि रात्रीच्या कपड्यांतच धक्क्यावर उतरतात! शिकल्यासवरल्या श्रीमंतांचीही फजिती होते, तर आपली झाली यात नवल नाही. पण त्यांची रीत घेण्यासारखी आहे आणि तिला पैसा लागत नाही.

बोटीवरून बाबासाहेबांची आठवण येते. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परत यावे लागले. ते स्वतः एका बोटीने आले आणि त्यांचे ग्रंथ व सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. सामानाची ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. ऑगस्ट महिन्यात बाबासाहेब मुंबईला सुखरूप उतरले, पण पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. ज्याने उपाशी राहून पुस्तके जमवली त्याला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. पण माणूस उतरला होता. १९२० साली तो माणूस पुन्हा लंडनला गेला आणि १९२३ साली डी.एस्सी. झाला. सामान गेले तर पुन्हा जमवता येते. माणूस गेला तर काहीच उरत नाही.

आता आमची रीत सांगतो. ज्यांना पटेल त्यांनी घ्यावी.

झोपण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसायचे. मोठे सामान बांधून एका जागी ठेवायचे आणि प्रत्येक गाठोड्याला एकाच रंगाची चिंधी बांधायची. आमच्याकडे निळी असते. किती गाठोडी आणि किती माणसे, हे दोन आकडे लहान पोरांनाही पाठ करायला लावायचे. पोरांना ते काम फार आवडते. दादरहून आणलेली पुस्तके जड असतात. ती एकाच पोत्यात न कोंबता दोन-तीन पिशव्यांत वाटावीत. काचेची तसबीर किंवा मूर्ती लुगड्यात गुंडाळून एकाच माणसाच्या ताब्यात द्यावी आणि त्याला दुसरे ओझे देऊ नये.

प्रत्येक मोठ्या माणसाजवळ एक लहान पिशवी असावी. तीत तिकीट, आधार कार्ड, औषध, पाणी, थोडे सुटे पैसे आणि घरच्या कोणाचा तरी फोन नंबर लिहिलेला कागद. आजीजवळही असावा, आजोबांजवळही असावा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. आधार कार्ड पोत्याच्या तळाशी गेले तर पुढे एस.टी.त पंचाईत होते. पंच्याहत्तर वर्षांवरच्या माणसांना २०२२ पासून आपल्या राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो.

तिकिटावर स्टेशनचे नाव रात्रीच वाचावे. गाडी बदलायची असेल तर वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशने आहेत, हे लक्षात ठेवावे. चंद्रपुरातही दोन आहेत. मुंबईची गाडी येते ते चंद्रपूर आणि गोंदिया मार्गावरचे चांदा फोर्ट. मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा या बाजूला रेल्वेने जाणाऱ्यांनी चंद्रपूरला उतरून चांदा फोर्ट गाठायचे, की सरळ बल्लारशापर्यंत जाऊन तिथून गोंदियाची गाडी धरायची, हे वेळापत्रक पाहून आधीच ठरवावे. तिकीटही तिथपर्यंतचेच काढावे.

जागे कधी व्हायचे? आमचा हिशेब सोपा आहे. वरोरा आले की एकाने उठून बाकीच्यांना उठवायचे. तोंड धुणे, संडास, पोरांचे स्वेटर-टोपडे, चपला, सगळे भांदकच्या आत आटोपायचे. भांदक म्हणजे आपली भद्रावती, विजासनच्या लेण्यांचे गाव. ते गेले की कोणी पुन्हा आडवे व्हायचे नाही. ताडाळी आली की दाराकडे सरकायचे. गाडी सगळीकडे थांबत नाही, अंधारात पाट्याही दिसत नाहीत, म्हणून फोनवर गाडी कुठे आहे ते एकाने पाहत राहावे आणि गजरही लावून ठेवावा. ज्यांचे आरक्षण नाही आणि जे गर्दीच्या डब्यात आहेत, त्यांनी तर भांदकपासूनच म्हाताऱ्यांना दाराजवळ आणून बसवावे.

उतरताना पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे रात्रीच ठरलेले असावे. गाडी पूर्ण थांबल्यावर पहिला धडधाकट माणूस रिकाम्या हाताने उतरेल आणि दाराकडे तोंड करून उभा राहील. मग म्हातारे, गरोदर बाया, लेकुरवाळ्या आणि पोरे. म्हाताऱ्या माणसाने जिना उतरतो तसे समोर तोंड करून उतरू नये. तोंड डब्याकडे, दोन्ही हातांत दोन दांडे आणि एकेक पाय खाली. हात मोकळे हवेत म्हणून पिशवी दुसऱ्याने घ्यावी. माणसे झाल्यावर सामान हातोहात खाली द्यावे. शेवटच्या माणसाने बाकाखाली, खुंटीवर, वरच्या बर्थवर नजर फिरवून मगच उतरावे. फलाट नसलेल्या बाजूने कोणीही उतरू नये. रुळावर दुसरी गाडी केव्हा येईल याचा नेम नाही.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. गाडी हलली तर जो आत आहे त्याने आतच राहावे आणि खालच्यांनी ‘उतर, उतर’ असे ओरडू नये. एकच शब्द बोलावा, ‘बल्लारशा!’ हा शब्द आम्ही आता रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवतो. चंद्रपूरहून बल्लारशा सुमारे पंधरा किलोमीटर आहे. आत राहिलेला माणूस तिथे उतरेल, बाकावर बसेल आणि आपला माणूस येईपर्यंत हलणार नाही. पंधरा किलोमीटरचा हेलपाटा आणि थोडे भाडे, एवढ्यावर भागते. चालत्या गाडीतून टाकलेल्या उडीची किंमत पाय असतो, नाहीतर जीव.

सामान आत राहिले तर त्यासाठी साखळी ओढू नये. सबळ कारण नसताना साखळी ओढणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यापेक्षा स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांना सांगावे, नाहीतर १३९ नंबर लावावा. गाडीचा, डब्याचा आणि बर्थचा नंबर सांगितला की पुढच्या स्टेशनला निरोप देता येतो. यासाठीच तिकीट खिशात हवे, पोत्यात नको.

फलाटावर उतरल्यावर लगेच बाहेर धावू नका. भिंतीच्या कडेला जमा आणि मोजा. आधी माणसे, मग गाठोडी. मोजणी पुरी झाल्यावरच चहा.

पण बंधूंनो, चंद्रपूर शहरातल्या माणसाचा प्रवास तिथे संपतो. तुमच्या-आमच्यातल्या पुष्कळांचा तिथून पुढे सुरू होतो. वडसा सोडले तर गडचिरोली जिल्ह्यातल्या बहुतेक गावांना रेल्वे नाही. कोणी मूल-सावलीवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जातो, कोणी गोंडपिपरी-आष्टीवरून आलापल्ली-अहेरीकडे. शेवटी एस.टी. एखाद्या फाट्यावर सोडते आणि तिथून गाव दोन-तीन किलोमीटर आत, जंगलाच्या वाटेने. घर जवळ आले की माणूस घाई करतो, आणि घात तिथेच होतो. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागात वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या आपण दरवर्षी ऐकतो. पहाटेची आणि तिन्हीसांजेची वेळ वाईट. तीन दिवसांचा थकलेला, डोक्यावर पोते घेतलेला माणूस आजूबाजूला काय पाहणार?

म्हणून पहाटेच्या अंधारात फाट्यावर उतरण्यापेक्षा बसस्थानकावर तास-दोन तास बसावे आणि उजाडल्यावरची गाडी धरावी. फाट्यावर उतरलोच, तर ऊन वर येईपर्यंत थांबावे आणि गावातून कोणाला तरी घ्यायला बोलवावे. निघताना सगळ्यांनी एकत्र, मोठ्याने बोलत चालावे. पोरे मधोमध. वाटेत कोणी एकटे मागे राहू नये आणि झुडपाआड एकटे जाऊ नये. ज्याचे घर आधी येईल त्याने इतरांना सोडून पळू नये. सगळे पोचल्याचा निरोप सगळ्यांना मिळाला की मग प्रवास संपला असे समजावे.

ती आजी पुढच्या वर्षी येईल असे आम्हाला वाटले नव्हते. पण आली. परतताना वरोऱ्याला आम्ही उठवायच्या आधीच ती उठून बसली होती. चंद्रपूरला नातू सगळ्यात आधी खाली उतरला आणि दाराशी हात पसरून उभा राहिला. आजी दोन्ही दांडे धरून, डब्याकडे तोंड करून सावकाश उतरली. मग फलाटावर उभी राहून तिनेच मोजायला सुरुवात केली. माणसे मोजून झाल्यावर आम्ही विचारले, ‘आजी, गाठोडी?’

‘ते तुमी मोजा,’ आजी म्हणाली. ‘माह्ये लोक उतरले.’

जयभीम.