कॅसेटी गेल्या कुठे?

मागच्या भारतवारीत सांगलीला गेलो होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिथे व्हिडिओ लायब्ररी होती, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. बालमित्राला विचारलं तर म्हणाला, "अरे, इंटरनेट आलं, लायब्ररी गेली. काळ बदलला." मी विचारलं, "आणि कॅसेटी?" तो हसला. "भंगारात. आणखी कुठे जाणार?"

एनस्खेडेला परत आल्यावरही ते ‘आणखी कुठे’ डोक्यातून जाईना. कारण त्या कॅसेटी दुसरीकडे जाऊ शकल्या असत्या, आणि तसं झाल्याचं उदाहरण आमच्या शेजारीच आहे.

एनस्खेडे म्हणजे हॉलंडचं पूर्वेकडचं टोक, जर्मनीच्या हद्दीला अगदी खेटून. तिथून मोटारीने तीनेक तासांवर कासेल नावाचं जर्मन शहर आहे. जगातलं सर्वांत जुनं व्हिडिओचं दुकान म्हणून जे ओळखलं जातं, ते ‘फिल्म-शॉप’ तिथलं. एकहार्ट बाउम या गृहस्थांनी ते १९७५ मध्ये काढलं. तेव्हा व्हीएचएस जन्मालाही आली नव्हती (ती जपानात आली १९७६ ला). सुरुवात सुपर-८ च्या रिळांवर झाली. अमेरिकेतलं पहिलं दुकान लॉस एंजेलिसला १९७७ मध्ये निघालं. आपल्याकडे मुंबईत शेमारूने १९७९ मध्ये व्हिडिओ भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्याआधी, १९६२ पासून, शेमारू म्हणजे पुस्तकांची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. म्हणजे आपल्याकडचा हा धंदा वाचनालयाच्या पोटी जन्मला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या गल्लीतल्या काकांचं दुकान यांच्यापुढे किरकोळच. शनिवारी रात्री व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या, वर्गणी काढायची, आणि सकाळी लाल डोळ्यांनी सगळं परत करायचं. काका मात्र पक्के दर्दी. "हा नको नेऊ, तुझ्या आजीला नाही झेपायचा," असं तोंडावर सांगायचे. निम्म्या कॅसेटी चोरीच्या प्रिंटच्या असायच्या, हेही मान्य करतो. उगाच सोवळं नेसवायला नको.

आता ‘इंटरनेटने मारलं’ या लाडक्या सिद्धांताकडे येऊ. हॉलंडमध्ये काय झालं पाहा. इथे स्वतःपुरता सिनेमा डाउनलोड करणं, भले मूळ प्रत चोरीची असो, २०१४ पर्यंत चालत होतं. त्या वर्षी १० एप्रिलला युरोपियन न्यायालयाने ते चालणार नाही असं सांगितलं. तोवर सरकारमान्य व्यवस्था अशी की कोऱ्या डिस्कवर आकार लावायचा आणि तो पैसा हक्कदारांना द्यायचा. दुकानदाराला मात्र भाड्याने देण्याचा हक्क वेगळा विकत घ्यावा लागे, कारण १९९२ च्या युरोपियन निर्देशाने तो स्वतंत्र हक्क ठरवला होता. म्हणजे नियमाने वागणारा दोन पैसे जास्त देणार आणि फुकट घेणारा निर्धास्त झोपणार. (मीही त्या निर्धास्तांपैकीच. इंजिनियर माणूस, हार्ड डिस्क भरलेली!) सप्टेंबर २०१३ मध्ये नेटफ्लिक्स इथे आलं तोवर दुकानांचे हाल झाले होते. व्हिडिओलँड या दुकानांच्या साखळीचं नाव आता स्ट्रीमिंग सेवेला आहे. दुकानं गेली, पाटी राहिली.

भारतातली कथा आणखी बोलकी आहे. दिल्लीत ‘सिनेमा पॅराडिसो’ नावाचं एक दुकान परदेशातून विकत आणलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्याने देत असे. चोरीचा माल नव्हे. वॉर्नर ब्रदर्सने दावा लावला आणि २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुकानाविरुद्ध निकाल दिला. त्या वेळच्या कायद्यात पुस्तकाची प्रत एकदा विकली की पुढे ती भाड्याने देण्यावर लेखकाचा ताबा राहत नसे. सिनेमाची प्रत मात्र कितीदाही विकली गेलेली असो, ती भाड्याने द्यायला निर्मात्याची परवानगी हवी. एकाच कपाटात शेजारी ठेवलेलं पुस्तक चालेल, डीव्हीडी नाही! यात इंटरनेटचा काय संबंध, ते मला सांगा.

दुकान बंद पडलं याचं मला तितकंसं दुःख नाही. धंदे बंद पडतात. माझा राग साठ्याबद्दल आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट प्रिंट्सना आग लागली आणि जुन्या सिनेमांची रिळं जळाली. एका जागी ठेवलेली वस्तू एका ठिणगीने जाते. गल्लोगल्ली विखुरलेल्या हजारो कॅसेटी हा गबाळा का होईना, पण विमा होता. "आता सगळं ऑनलाइन आहे" म्हणणाऱ्यांनी यादीत ठेवलेला एखादा सिनेमा करार संपल्यावर शोधून दाखवावा.

कासेलमध्ये बाउम थकले तेव्हा २०१७ मध्ये एका स्थानिक सिनेमाप्रेमी संस्थेने दुकान साठ्यासकट चालवायला घेतलं. अमेरिकेत सिएटलचं ‘स्केअरक्रो’ २०१४ मध्ये ना-नफा संस्था झालं. आपल्याकडे तर अशा संस्था आयत्या आहेत. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालयं महाराष्ट्रात आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातल्या ‘व्यावसायिक भाड्या’च्या व्याख्येतून ना-नफा वाचनालयाला वगळलंही. म्हणजे कायद्यानेच दार किलकिलं केलं होतं. किती वाचनालयांनी गल्लीतल्या दुकानदाराकडे जाऊन विचारलं, "काका, अस्सल आहेत तेवढ्या द्या"? कादंबऱ्यांची चळत चालते, सिनेमा म्हटलं की आमच्या कार्यकारिणीला करमणूक आठवते.

परतण्याआधी काकांना भेटलो. पंचाहत्तरी उलटली आहे. माळ्यावर दोन खोकी अजून होती, चाळीसेक कॅसेटी, बऱ्याच मराठी, कंपनीच्या छापील वेष्टनातल्या. टेपवर बुरशी धरायला लागली आहे. मी गावातल्या एका वाचनालयात गेलो. कार्यवाह सभ्य गृहस्थ, चहा दिला, आणि विचारलं, "पण हे लावायचं कशावर?" प्रश्न बरोबर आहे. जपानच्या फुनाई कंपनीने शेवटचे व्हीसीआर २०१६ मध्ये बनवले. मी म्हणालो, जुना व्हीसीआर मी शोधून देतो, दुरुस्तही करून देतो. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय ठेवतो.

ती बैठक फेब्रुवारीत होती. काल काकांना फोन केला. खोकी अजून माळ्यावरच आहेत.