आमच्या शिवाराला पिवळं कुणी केलं?

खूप दिवसांनी लिहायला बसलोय, आणि तेही चिडून. घरच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं. भाचेबुवांनी जरा जास्तच, कारण सुरुवात त्यांच्यापासूनच होणार आहे.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला लातूरला ताईकडे सगळे जमलो होतो. भाच्याने मित्रांना घेऊन अठरा मिनिटांची फिल्म केली होती, ती लॅपटॉप टीव्हीला जोडून दाखवली. शूटिंग औशाकडच्या आमच्याच शेतात, ऐन ऑगस्टात. कॅमेरा भाड्याचा, लेन्स एकच, पन्नासची. पडद्यावर शेत आलं आणि आमचे नाना खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "कामून रं, सोयाबीन जळालं होतं का?"

"नाही हो नाना, ते ग्रेडिंग आहे."

नानांना ग्रेडिंग कळलं नाही. ते गप्प बसले. त्या ऑगस्टात सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं आणि पेरणीला नाना स्वतः बांधावर उभे होते. इतकं हिरवं रान पोराने एका क्लिकमध्ये वाळवून टाकलं. आणि गोष्ट दुष्काळाची नव्हतीच! नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहायला निघालेल्या मुलीची होती.

मी विचारलं, पिवळं का केलंस? तर म्हणे, "मामा, मराठवाडा वाटायला पाहिजे ना."

इथे माझं डोकं फिरलं. मराठवाड्यात जन्मलेल्या, मराठवाड्यात शूट करणाऱ्या पोराला मराठवाडा 'वाटायला' लागतो! म्हणजे कुणाला वाटायला?

ही खोड मूळची आपली नाही. कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) मिसिसिपीत हिरव्यागार उन्हाळ्यात चित्रित झाला. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी अख्खा चित्रपट संगणकावर घेऊन ती हिरवाई सुकी, धुळकट पिवळी केली. त्याच वर्षीच्या सोडरबर्गच्या 'ट्रॅफिक'मध्ये मेक्सिको पिवळा आणि वॉशिंग्टनचा भाग निळसर. डीकिन्सना १९३० च्या दशकातली जुन्या फोटोंसारखी अमेरिका हवी होती, त्यांचं कारण त्यांच्यापाशी होतं. पुढे मात्र हा पिवळा गरीब, उष्ण मुलुखाचा गणवेशच झाला. आता तो 'लट' नावाच्या तयार फाईलमध्ये फुकट मिळतो, आणि आपण तो स्वतःच्या हाताने स्वतःला घालतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. ते खरंच आहे, त्या दिवसांतल्या घागरींच्या रांगा आम्ही विसरलेलो नाही. पण त्याच महिन्यात 'सैराट' आला. करमाळा म्हणजे काही कोकण नव्हे, कायमचा अवर्षणाचा तालुका. तरी तिथली केळीची बाग आणि विहीर त्यात हिरवीच दिसतात, आणि म्हणूनच शेवट अंगावर येतो. अलीकडचं बघा, ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पुराचं पाणी शिरलं. त्या मातकट पाण्याचा लट कुणी करून ठेवलाय का?

बरं, दुष्काळ तरी पिवळा असतो का? मे महिन्यात दुपारी दोनला गंजगोलाईत उभं राहून बघा. ऊन पांढरं असतं. आभाळ चुन्याच्या भिंतीसारखं, आणि सावलीत चक्क निळसर झाक. पिवळा प्रकाश जुन्या बल्बचा. आमच्याकडे जमीन काळी आहे, भिजली की जवळजवळ निळी दिसते. पिवळा लट टाकला की तिची वीट होते. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याचा पांढरा संगमरवर आणि त्यावरचं सोनं पिवळ्यात घातलं, तर दोन्ही एकच होऊन जातात.

तांत्रिकही बोलतो, नाहीतर म्हणाल मामा नुसतेच भावनिक. स्वस्तातले कॅमेरे बहुतेक आठ बिटचे. म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या. बरेच लट 'लॉग' नावाच्या फिक्या चित्रणासाठी बनवलेले असतात. ते साध्या चित्रणावर चढवले की काळी माती डांबर होते, आभाळात पट्टे पडतात आणि सावळी माणसं एकतर कोळसा नाहीतर नारंगी. माझ्या बहिणीचा रंग मला चांगला माहीत आहे, त्या फिल्ममध्ये ती कुणी दुसरीच बाई होती. दाविंची रिझॉल्व फुकट आहे, उत्तम आहे, पण आधी पांढरा कागद धरून व्हाईट बॅलन्स करा, चेहरा खरा आणा, मग काय ते रंगकाम.

शॉन बेकरने 'टँजरीन' (२०१५) आयफोन ५एसवर काढला. गरिबांची गोष्ट म्हणून रंग मारायचे, हा रिवाज मोडून त्याने ते उलट भडक केले, कारण त्याची माणसंच तशी होती. मी भडक करा म्हणत नाही. माणसं बघून ठरवा म्हणतोय.

आता ती पन्नासची लेन्स. स्वस्त, १.८ चं तोंड, अंधारात कामाची, सगळं कबूल. पण कॅननच्या छोट्या सेन्सरवर ती ऐंशीसारखी वागते. ताईचं स्वयंपाकघर दहा बाय आठ. ऐंशी लावून मागे सरकाल कुठे, फडताळात? मग नुसता चेहरा येतो, त्यातही एकच डोळा शार्प, आणि मागे रंगांचा चिखल. चूल गेली, डबे गेले, खताच्या पोत्याचा पडदा गेला. खोक्यात आलेली १८-५५ ची किट लेन्स हे सगळं दाखवते, पण तिची पोरांना लाज वाटते.

खरी लाज लेन्सची नाहीच म्हणा. भाच्याला खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मामा, बॅकग्राउंड खराब होतं."

खराब! ती भिंत त्याच्या आजीने सारवलेली होती.

असो. पुढच्या महिन्यात तो नांदेडला गोदावरीच्या घाटावर दुसरी फिल्म करणार आहे. मी म्हटलं किट लेन्स ने, लट घरी ठेव, नानांना बरोबर घे. हो हो म्हणाला. लेन्ससाठी पैसेही माझ्याकडेच मागितलेत. पन्नासचीच हवी आहे, फक्त १.४ वाली.