कशावरून?

मतांना सध्या तोटा नाही. पूर्वी गावाच्या पारावर चार वडीलधाऱ्यांनी बोलावे आणि तरुणांनी ऐकावे, असा रिवाज होता. आता घरातील सर्वांत लहान माणूस सर्वांत आधी बातमी वाचतो आणि तिच्यावर मतही सर्वांत आधी देतो. त्यातून त्याला संगणकाची गोडी असली तर पाणीवाटपापासून नोटाबंदीपर्यंत आणि बँकेच्या व्यवहारांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत कोणताच विषय त्याला वर्ज्य नसतो. अशा मतांचे घराने काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. आजीचे निवृत्तिवेतन, वडिलांचे पीककर्ज आणि आईची बचत यांचा व्यवहार आज अनेक घरांत याच मुलाच्या हातातील मोबाईलवरून होतो. त्याचे मत चुकले तर त्याची किंमत घराच्या खात्यातून वजा होते.

या प्रश्नाचा विचार करण्यास एक दूरचे, पण मराठी माणसाला परके नसलेले ठिकाण सोयीचे आहे. ते म्हणजे तमिळनाडूतील कावेरीचा त्रिभुज प्रदेश. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापन केले, तेव्हापासून मराठी कुटुंबे तेथे नांदत आली. १८५५ मध्ये ते राज्य संपले. भाषा मात्र तमिळच्या सहवासात वेगळे वळण घेऊन घराघरांत टिकून राहिली. ओरत्तनाडु किंवा कुंभकोणम या गावांच्या परिसरातील अशा एखाद्या घरात वाढणारा, अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. तो कोणी एक नव्हे. त्याच्यासारख्या अनेकांचे ते प्रातिनिधिक चित्र आहे. घरात मराठी, दारात तमिळ आणि संगणकावर इंग्रजी असा त्याचा दिवस जातो. त्याला बरेच काही ठाऊक असते आणि जे ठाऊक नसते त्याविषयीही त्याचे मत तयार असते.

अशा मुलाशी घरे सहसा दोन प्रकारे वागतात. काही घरांत ‘तुला काय कळते?’ या एका वाक्यात त्याचे तोंड बंद केले जाते. काही घरांत ‘तो म्हणतो ना, मग ते खरेच असणार’ असे म्हणून त्याच्यापुढे मान तुकवली जाते. पहिल्या प्रकाराने मुलगा दुरावतो आणि दुसऱ्याने घर धोक्यात येते. या दोहोंहून निराळा, साधा आणि जुना असा तिसरा मार्ग आहे. मुलाचे मत पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग शांतपणे विचारावे, ‘कशावरून?’ बँकेत नोंद कितीही सुवाच्य असली तरी तिच्यामागे व्हाउचर नसेल तर ती ग्राह्य धरली जात नाही. मताचेही तसेच असावे.

पाण्याचेच उदाहरण घ्यावे. त्रिभुज प्रदेशात कावेरीच्या बातमीइतकी जिव्हाळ्याची दुसरी बातमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निकालात तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ टीएमसी ठरला. मथळ्यातील हा आकडा वाचून, कर्नाटकाने दरवर्षी इतके पाणी सोडले पाहिजे, असे मत एखादा विद्यार्थी ठामपणे मांडील. ‘कशावरून?’ असे विचारल्यावर त्याला निकालाचा तपशील पाहावा लागेल. मग कळेल की, ४०४.२५ टीएमसी हा खोऱ्यातील ७४० टीएमसी पाण्यापैकी राज्याचा एकूण हिस्सा आहे. कर्नाटकाने सर्वसाधारण वर्षी सीमेवरील बिळिगुंडलु येथे सोडावयाचे पाणी १७७.२५ टीएमसी आहे. बाकीची गरज राज्याच्या स्वतःच्या पाणलोटातून भागेल, असे गृहीत धरलेले आहे. दोन्ही आकडे खरेच आहेत. पण एकाच्या जागी दुसरा ठेवला की सगळा वाद खोटा होतो. ताळेबंदात एकूण येणे आणि या वर्षीचे येणे यांची गल्लत झाली तर जे होते, तेच येथेही होते.

त्या विद्यार्थ्याला आणखी एक पुरावा घराबाहेर पडताच मिळतो. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याचा प्रघाताचा दिवस १२ जून. धरणाची पूर्ण पातळी १२० फूट आणि साठा ९३.४७ टीएमसी. हे आकडे मोबाईलवर दिसतात. मात्र सोडलेले पाणी आधी कल्लणैला यायचे, तेथून कावेरी, वेण्णार आणि कल्लणै कालवा यांत वाटले जायचे आणि मग ओरत्तनाडुच्या शिवारात पोचायचे. धरणाची दारे उघडल्याची बातमी आणि शेताच्या बांधाशी पाणी आल्याची बातमी या दोन निरनिराळ्या बातम्या आहेत. कुरुवै भाताचे रोप कोणत्या बातमीवर लावायचे, हे शेतकरी वडील जाणतात. येथे ‘कशावरून?’ हा प्रश्न मुलाने वडिलांना विचारावा, म्हणजे त्यालाही काही नवे मिळेल.

दुसरे उदाहरण बँकेच्या दारातले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाले होते. आता रोख पैसा संपणार, असे मत तेव्हा अनेक तंत्रप्रेमी तरुणांनी उत्साहाने मांडले. पुढे काय झाले, हे आकडेच सांगतात. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांनी एका महिन्यात १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. त्याच वेळी चलनातील नोटांचे मूल्य मार्च २०१६ अखेर सुमारे १६.४ लाख कोटी रुपये होते, ते मार्च २०२३ अखेर सुमारे ३३.५ लाख कोटी झाले. म्हणजे तरुणांचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष मात्र घाईचा होता. यूपीआय वाढले, पण त्यामुळे रोख आटली नाही. ज्याने आपले जुने मत या आकड्यांशी ताडून दुरुस्त केले, त्याच्या पुढच्या मतावर थोडा अधिक विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

आता प्रश्न आजीचा. तिचे एटीएम कार्ड नातवाजवळ असते आणि पिनही त्यालाच ठाऊक असतो. ‘घरातल्या घरात काय होणार?’ हे त्यावरचे त्याचे मत. नातू प्रामाणिक आहे, यात शंका नसावी. पण पिन एकदा कागदावर लिहिला गेला, मित्रापुढे उच्चारला गेला किंवा हरवलेल्या मोबाईलमध्ये साठवलेला राहिला की प्रामाणिकपणा त्याचे रक्षण करू शकत नाही. ग्राहकाने आपली गुप्त माहिती स्वतः दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाले तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकानेच सोसावयाचे, असा दंडक रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिला. नातवाची चूक आजीच्या खात्यावर पडते, ती अशी.

मात्र या बाबतीत तरुणाचे दुसरे एक मत ऐकण्यासारखे असते. तो विचारतो, ‘म्हाताऱ्या माणसाला आपले गुपित दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते, अशी व्यवस्था पूर्ण झाली असे कसे म्हणावे?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला पुरावाही आहे. साध्या मोबाईलवरून बोलून पैसे देण्याची यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ मध्ये आली. खातेदाराने आपला पिन न देता विश्वासू व्यक्तीस ठरावीक मर्यादेत खर्चाचा अधिकार देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. ही गरज खरी नसती तर या सोयी निघाल्याच नसत्या. शाखेतही ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशा संयुक्त खात्याचा जुना आणि भरवशाचा मार्ग असतो. नातवाने आजीचा पिन पाठ करण्याऐवजी तिला घेऊन शाखेत यावे आणि कर्मचाऱ्याने या सोयी तिला तिच्या भाषेत समजावून द्याव्यात. मत कृतीत उतरते ते असे.

पुराव्यानिशी बोलण्याची ही रीत तंजावरला नवी नाही. १७९८ ते १८३२ या काळात तेथे राज्य करणारे सरफोजीराजे दुसरे हे त्यांच्या काळातील तंत्रप्रेमीच होते. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना उभारला आणि पुढच्याच वर्षी इसापाच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक त्यातून छापून निघाले. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांवर उपचार होत. रुग्णाची तक्रार, केलेले उपचार आणि डोळ्यांची चित्रे यांच्या नोंदी तेथे ठेवल्या जात. त्या आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. औषध गुणकारी आहे, असे नुसते राजाचे मत त्यांना पुरेसे वाटले नाही. दोनशे वर्षांनंतर वैद्यांना त्या नोंदी वाचाव्याशा वाटतात, याचे कारण हेच.

तंजावरच्या मराठी राजवटीची बरीच कागदपत्रे मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. यंत्राकडून मोडी वाचवून घेण्याचे प्रयत्नही चालू आहेत. त्यामुळे आता मोडी शिकण्याची गरज उरली नाही, असे मत संगणकाच्या विद्यार्थ्याने दिले तर त्यालाही ‘कशावरून?’ असे विचारावे. यंत्राने लावलेले वाचन बरोबर की चूक, हे ठरवायला मोडी जाणणारा माणूसच लागतो. तपासनीसच उरला नाही तर हिशेब बरोबर आहे, हे सांगणार कोण? आपल्या पूर्वजांची लिपी शिकून यंत्राची चूक दाखवून देणारा विद्यार्थी हा त्या प्रदेशाचा खरा वारस ठरेल.

कुंभकोणमच्या श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्राने आपली सूत्रे कळविली. हार्डी यांनी तो अपरिचित तरुण म्हणून पत्र बाजूला टाकले नाही आणि चमत्कार म्हणून डोळे मिटून स्वीकारलेही नाही. त्यांनी सिद्धता मागितल्या. मूळ संख्यांविषयीची रामानुजन यांची काही विधाने पुढे चुकीची ठरली. पण त्यामुळे त्यांची थोरवी उणावली नाही. ‘कशावरून?’ हा प्रश्न अपमानाचा नव्हे. ज्याच्या बोलण्यात काही तथ्य असेल असे वाटते, त्यालाच तो विचारला जातो.

हा प्रश्न घराने मुलाला विचारावा, मुलाने वडीलधाऱ्यांना विचारावा आणि खात्यातून एखादी रक्कम वजा झाली तर ग्राहकाने बँकेलाही निःसंकोच विचारावा. नियम दाखवून त्याचे उत्तर देणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे. ज्या घरात ही सवय रुजते, तेथे तिचा उपयोग अगदी अनपेक्षित वेळी होतो. एखाद्या दुपारी घरात दुसरे कोणी नसताना दूरध्वनी खणखणतो आणि ‘तुमचे खाते बंद होणार आहे, ताबडतोब क्रमांक सांगा’ असे कोणी दरडावतो. त्या वेळी नातू जवळ नसतो. नातवाशी वाद घालता घालता आजीच्या जिभेवर बसलेला एकच शब्द तिच्या कामी येतो. ‘कशावरून?’ एवढे विचारून तिने फोन ठेवून दिला आणि नातू आल्यावर दोघांनी मिळून शाखेत चौकशी केली, म्हणजे घरातील इतक्या वर्षांच्या चर्चेचे चीज झाले.