बिग ब्रदर पोस्टरवर नसतो!

सरकारी पाळतीची बातमी आली, की तासाभरात मीम्सचा पाऊस पडतो. मिशीवाला चेहरा, रोखून बघणारे डोळे आणि खाली ‘बिग ब्रदर’. जॉर्ज ऑर्वेलची १९४९ साली आलेली ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी न वाचलेलेही तिचा दाखला देतात. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची कागदपत्रं बाहेर काढली, तेव्हाही अ‍ॅमेझॉनवर या कादंबरीचा खप एकदम वाढला होता.

जरूर वाचा. पण एक गडबड आहे. पाळत कशी दिसते, हे आपण या गोष्टीवरून ठरवून टाकलंय.

कादंबरीच्या नायकाच्या, विन्स्टन स्मिथच्या घरात भिंतीवर टेलिस्क्रीन आहे. तो बंद करता येत नाही. आपल्यावर नजर असू शकते हे विन्स्टनला पक्कं माहितीये, म्हणून डायरी लिहायला तो स्क्रीनला न दिसणारा कोपरा धरतो. तुम्ही कोपरा शोधणार कसा? तुमच्या भिंतीवर स्क्रीनच नाही. स्नोडेन प्रकरणातल्या पहिल्या बातमीत होता एक गुप्त कोर्टाचा आदेश : व्हेरायझन कंपनीने ग्राहकांच्या कॉल्सच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएला द्याव्यात. बोलणं नाही, फक्त कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, कधी आणि किती वेळ. त्याआधी तीनच महिने अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुखांनी सिनेटच्या समितीला, असा काही डेटा आम्ही जाणूनबुजून गोळा करत नाही, असं सांगितलं होतं.

‘बोलणं ऐकत नाहीत ना, मग काय एवढं?’ असं वाटतंय? मग हे बघा. रात्री दोनला मैत्रिणीला तासभर फोन. सकाळी सोनोग्राफी सेंटरला. दुपारी वकिलाला. एक शब्दही न ऐकता गोष्ट कळली की नाही? शिवाय, ती चुकीचीही कळली असू शकते. ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. तुमच्याबद्दल काय समजायचं, हे तुम्ही ठरवत नसता.

विन्स्टन शेवटी हरतो. त्याच्या जगात कोर्टच नाही. आपल्या जगात आहे. अमेरिकेत लोक कोर्टात गेले, २०१५ मध्ये कायदा झाला आणि एनएसएची फोन नोंदींची ती सरसकट साठवणूक थांबली. २०२० मध्ये एका अपील कोर्टाने तो कार्यक्रम बेकायदा होता, असंही म्हटलं. पाळत संपली का? नाही. पण तिला लगाम लागू शकतो, हे दिसलं.

आपल्याकडे २०१२ मध्ये आधारविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले, ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. वय ८६! त्यांच्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आज तुमच्या-माझ्याकडे तो हक्क आहे, तो या आजोबांमुळे. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्याच यंत्रणांना सूट द्यायची मुभा सरकारने ठेवलीये. आणि फोन टॅपिंगचा आदेश आपल्याकडे गृहसचिव देतात, त्यावर न्यायाधीशाची सही लागत नाही.

गुन्हेगार पकडायला पाळत लागते, हे मान्य. म्हणून तर नुसतं घाबरून भागणार नाही. पुढच्या वेळी नवा कॅमेरा, नवं अ‍ॅप, नवं फेस स्कॅन आलं, की विचारा : हे कुठल्या कायद्याखाली? माहिती किती दिवस ठेवणार? तपासणार कोण? आणि चूक झाली, तर दाद कुठे मागायची?

मीम टाका, हरकत नाही. त्याखाली हे चार प्रश्नही टाका.